तलवार म्यानात ठेवू नका

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की घरातल्या जुन्या शस्त्रांचं जेवढं नुकसान गंजाने होतं, त्याहून जास्त ते साफ करणाऱ्या हातांनी होतं. त्यावर बरीच पत्रं आली आणि त्यातली काही चांगली चिडलेली होती. "मग काय गंजू द्यायचं?" असा एकूण सूर. नाही, गंजू द्यायचं नाही. पण लोखंडाशी काय करायचं आणि काय करायचं नाही, यात दुसरी यादी लांब आहे. माझी सगळी नोकरी संग्रहालयाच्या संवर्धन प्रयोगशाळेत गेली, त्यातही लोखंड-पोलादावर, आणि टेबलावर आलेल्या वस्तूंपैकी सर्वांत वाईट अवस्थेतल्या वस्तू कोणीतरी प्रेमाने घासलेल्या असत. खंडेनवमी तोंडावर आहे, म्हणून शस्त्रांचे प्रश्न या वेळी आधी घेते.

आमचं घर मालवणजवळ, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आहे. पणजोबांच्या वेळची तलवार देवघराच्या भिंतीवर म्यानासकट टांगलेली असते. दर खंडेनवमीला काढून पंचामृताने पुसतो, खोबरेल लावतो आणि परत म्यानात घालतो. गेल्या वर्षी ती अर्ध्यावर अडकली. ओढून काढावी का? गंज कशाने घासावा? – एक वाचक, मालवण

ओढू नका. पिरगाळू तर मुळीच नका. गंज मूळ लोखंडापेक्षा किमान दुप्पट जागा व्यापतो, त्यामुळे पातं म्यानात पाचरीसारखं बसलेलं आहे. शिवाय पावसाळ्यात म्यानाच्या लाकडी पट्ट्या फुगलेल्या असतात. या दसऱ्याला तलवार आहे तशीच पुजा. नंतर ती भिंतीवरून उतरवून कोरड्या खोलीत आडवी ठेवा आणि एप्रिल-मे मध्ये प्रयत्न करा. म्यानाच्या तोंडातून शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब पात्याच्या दोन्ही अंगांनी सोडा, एक-दोन दिवस जाऊ द्या आणि मग सरळ रेषेत, थोडं पुढे थोडं मागे करत सोडवा. त्या वेळी म्यान मुठीत आवळून धरू नका, दोन्ही सपाट बाजूंनी धरा. जुन्या म्यानाची शिवण धारेच्या बाजूने कुजलेली असते आणि पातं तिथून बाहेर येऊन बोटं कापतं. हे मी ऐकीव सांगत नाही, आमच्या प्रयोगशाळेत एकाला टाके पडले होते. इतकं करूनही हललं नाही तर तसंच राहू द्या. जबरदस्तीने अर्धी तलवार आणि फुटकं म्यान हाती येईल.

आता मूळ दुखणं. तुमच्या पत्रात चार कारणं एका ओळीत आली आहेत.

पंचामृतात दही आहे, म्हणजे आम्ल आहे, शिवाय मध-साखर आहे. ते पुसलं तरी मुठीच्या सांध्यात आणि पात्याच्या खोबणीत राहतं आणि ओल धरून ठेवतं. खोबरेल हे माणसाच्या केसांसाठी उत्तम तेल आहे. लोखंडावर ते काही महिन्यांत खवट होतं, म्हणजे त्यातून आम्लं सुटतात, वर धूळ चिकटते आणि ती धूळ हवेतली ओल ओढते. जवस, करडई यांचंही तसंच. ती तेलं तर वाळून चिकट पापुद्रा धरतात आणि गंज त्या पापुद्र्याखाली निवांत वाढतो. तिसरं कारण म्यान. लोकांना वाटतं म्यान म्हणजे तलवारीचं घर. ते प्रवासात धार झाकायचं साधन होतं. लाकूड, मखमल आणि चामडं हे तिन्ही ओल पितात, चामड्याच्या कमावणीतली आम्लं त्यात उरलेली असतात, आणि आत हवा खेळत नाही. संग्रहालयात तलवार आणि म्यान शेजारी-शेजारी पण वेगळी ठेवतात. तुम्हीही तसंच करा.

चौथं कारण तुमची भिंत. चिऱ्याच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, आणि समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं. स्वच्छ पोलादाला हवेतली आर्द्रता साधारण साठ-पासष्ट टक्क्यांपर्यंत असेल तर फारसं काही होत नाही. पण त्यात मिठातलं क्लोराइड शिरलं की हे गणित मोडतं आणि त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही आतून गंज चालू राहतो. पातं बाहेर आल्यावर त्यावर तांबूस पाण्याचे बारीक थेंब घामासारखे दिसले, तर ते क्लोराइडचं लक्षण समजा. तसं असेल तर घरी हात लावू नका, संवर्धकाला दाखवा.

थेंब नसतील तर घरी एवढं करता येईल. हातात नायट्राइलचे मोजे घाला, कारण बोटांच्या घामातही मीठ असतं आणि पोलादावर काही दिवसांनी ठशांच्या रेषा तांबड्या उमटतात. रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन कापसावर घेऊन जुनं तेल काढा. खिडक्या उघड्या ठेवा, आणि त्या वेळी देवघरातला दिवा पेटता नको. मग उजेडात नीट बघा. बोटाला लागणारी नारिंगी-तांबडी भुकटी हा चालू गंज. काळपट-तपकिरी, घट्ट बसलेला, बोटाला न लागणारा थर म्हणजे वयाचा रंग, तो काढायचा नाही. भुकटी बांबूच्या टोकदार काडीने आणि मऊ ब्रशने काढा. पातं अगदी साधं असेल, त्यावर नक्षी, अक्षरं किंवा जौहर, म्हणजे पोलादातच दिसणारी लाटांसारखी नक्षी, नसेल, तरच चार शून्यांची (0000), म्हणजे सर्वांत बारीक, स्टीलवूल मशीनच्या तेलात बुडवून हलक्या हाताने फिरवा. भांड्यांची तारेची घासणी ती नव्हे. पॉलिश पेपर, ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश, लिंबू, चिंच, व्हिनेगर, कोला, संडास साफ करायचं ॲसिड हे सगळं बाद. शेवटी बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने ओलसर केलेला कापूस एकदा फिरवा, लगेच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पातं पूर्ण कोरडं होऊ द्या.

मूठ मात्र या सगळ्यातून वगळा. आपल्याकडच्या तलवारींत पात्याची शेपटी मुठीत लाख किंवा राळ ओतून बसवलेली असते. तिला उष्णता किंवा अल्कोहोल लागलं की मूठ हलायला लागते आणि मग कोणीतरी ती एम-सीलने बसवतं. ते बघण्याची वेळ माझ्यावर आणू नका.

वरून संरक्षण काय लावायचं? पूजेत हाताळायची असेल तर मशीनच्या तेलाचा किंवा औषधाच्या दुकानातल्या लिक्विड पॅराफिनचा अगदी पातळ हात द्या. बोट फिरवल्यावर ओघळ दिसला तर ते जास्त झालं. फक्त ठेवायची असेल तर मायक्रोक्रिस्टलाइन मेण बरं. हे मेण पेट्रोलियमपासून बनतं, त्यात आम्ल नसतं आणि ते धूळ धरत नाही. जगभर संवर्धक 'रेनेसान्स' नावाने मिळणारं मेण वापरतात. त्याचं सूत्र १९५० च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत बसवलं गेलं. डबी महाग वाटते पण वाटाण्याएवढं मेण अख्ख्या पात्याला पुरतं. गाडीचं पॉलिश त्याऐवजी चालत नाही, त्यात घासणारी भुकटी असते.

आणि पूजा? जरूर करा. तलवार कोरड्या सुती कापडावर ठेवा, पंचामृत आणि पाणी ताम्हनातल्या सुपारीला द्या, हळद-कुंकू आणि झेंडू शेजारी वाहा. परंपरा म्हणून शस्त्राला बोट लावायचंच असेल तर सुकं कुंकू लावा आणि त्याच रात्री पुसा. पात्यावर झेंडूच्या ओल्या पाकळ्या सुकून पडलेल्या डागांचे हुबेहूब ठसे मी पाहिले आहेत, पाकळीच्या कडेसकट.

आमच्याकडे साताऱ्याच्या घरात कड्यांचं चिलखत आहे, काही कड्या पितळी आहेत. माझ्या मुलाच्या ओळखीचा प्लेटिंगवाला म्हणतो, ॲसिडमध्ये बुडवून दोन तासांत चकचकीत करून देतो. द्यावं का? – एक वाचक, सातारा

मुलाला सांगा, चिलखत आजीने मागून घेतलंय. काहीही सांगा, पण देऊ नका.

तुमचं हे गंगाजमनी चिलखत दिसतंय, लोखंडी आणि पितळी कड्या गुंफून नक्षी पाडलेलं. लोखंड आणि पितळ एकत्र ॲसिडमध्ये गेलं की पितळेतलं तांबं विरघळून लोखंडी कड्यांवर गुलाबी पुटासारखं बसतं. ते पुन्हा निघत नाही. प्लेटिंगवाले जे ॲसिड वापरतात ते बहुतेक हायड्रोक्लोरिक, म्हणजे वर सांगितलेलं क्लोराइड तुम्ही पैसे देऊन आत भरणार. कड्या एकमेकींवर बसतात तिथे आणि प्रत्येक कडीच्या रिव्हेटखाली ते अडकून राहतं, कितीही धुतलं तरी. चकचकीत चिलखत घरी येईल आणि पहिल्या पावसाळ्यात तांबडं होईल. रिव्हेट आधी जातात. रिव्हेट गेली की कडी उघडते आणि एक उघडली की शेजारच्यांवर भार येतो.

भाराचं आधी बोलू. चिलखत खुंटीला किंवा हँगरला टांगलं असेल तर आज उतरवा. आठ-दहा किलो वजन खांद्याच्या दोन-चार ओळींवर येतं. ते आडवं, पसरून, पांढऱ्या सुती चादरीवर ठेवा आणि घड्यांत कापडाचे गुंडाळे घाला. आतून अस्तर शिवलेलं असेल तर पुढचं काहीच करू नका, फक्त मऊ ब्रशने धूळ झाडा.

अस्तर नसेल तर पसरट ट्रेमध्ये मिनरल टर्पेंटाइन घ्या, चिलखत थोडं थोडं त्यात बुडवून मऊ ब्रशने चोळा, टर्पेंटाइन काळं झालं की बदलून पुन्हा. धीर लागतो, कारण प्रत्येक कडीला चार शेजारणी असतात. सावलीत वारा खेळेल तिथे पूर्ण वाळवा आणि मग मशीनचं तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून ब्रशने कड्यांत पोचवा. टर्पेंटाइन उडून जातं, तेलाचा पातळ थर उरतो. वापरलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, उघड्यावर पसरून वाळवा.

युरोपात पूर्वी कड्यांची चिलखतं वाळूसोबत पिंपात घालून पिंप गडगडत नेत, कड्या एकमेकींना घासून साफ होत. कोणीतरी तुम्हाला काँक्रीट मिक्सर सुचवेल म्हणून आधीच सांगते. ते सैनिक ते चिलखत दुसऱ्या दिवशी अंगात घालणार होते आणि झिजलं तर लोहार हाताशी होता.

दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे, गंजत नाही. मग आपल्या पूर्वजांनी तलवारी तशाच लोखंडाच्या का केल्या नाहीत? – एक विद्यार्थी, नाशिक

प्रश्न आवडला. कारण त्या लोखंडाची तलवार पहिल्या घावाला दगा देईल.

लोहस्तंभाच्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे, पाव टक्क्याच्या आसपास. कानपूरच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला. या फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर एक पातळ, घट्ट संरक्षक थर तयार झाला आणि पुढचा गंज फार हळू झाला. दिल्लीची हवाही बराच काळ कोरडी असते. तोच खांब रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उभा असता तर आज आपण त्याचं इतकं कौतुक केलं नसतं असं मला वाटतं. त्याच्या जमिनीत गाडलेल्या भागाला गंज चढलेला आहेच.

पण फॉस्फरस लोखंडाला ठिसूळ करतो. खांबाला नुसतं उभं राहायचं असतं, तलवारीला वाकून परत सरळ व्हायचं असतं. दक्षिण भारतात मुशीत बनणाऱ्या वूट्झ पोलादात कार्बन दीड टक्क्याच्या घरात असे. त्यातून कठीण धार आणि ती जौहर मिळे, गंजापासून सुटका मिळत नसे. उलट जौहर दिसावी म्हणून पात्यावर सौम्य आम्ल लावून पृष्ठभाग किंचित खात. त्यामुळे अशा पात्यावर स्टीलवूल फिरवली की जौहर पुसली जाते.

मी कोल्हापुरात मर्दानी खेळ शिकवतो. आमचे दांडपट्टे आणि तलवारी नव्या आहेत, रोज वापरतो, तरी डाग पडतात. डब्ल्यूडी-४० मारलं की पुरे का? – एक वस्ताद

वस्ताद, तुमचं सोपं आहे. हत्यारं नवी आणि वापरातली आहेत, त्यामुळे वरचे माझे निम्मे निर्बंध तुम्हाला लागू नाहीत. डाग बारीक पॉलिश पेपरने काढलात तरी मी काही म्हणणार नाही.

डब्ल्यूडी-४० हे १९५३ मध्ये अमेरिकेत क्षेपणास्त्रांच्या पत्र्यावरची ओल हटवण्यासाठी बनवलं गेलं आणि त्या कामात ते चोख आहे. सराव संपला की घामाची ओल त्याने काढा. पण त्याचा बराचसा भाग उडून जातो आणि मागे उरणारा थर फार पातळ असतो. म्हणून ते पुसून वरून मशीनचं तेल लावा. पट्ट्याच्या खोबळ्यात, म्हणजे जिथे हात कोपरापर्यंत आत जातो तिथे, घाम सर्वांत जास्त साचतो आणि तिथे कोणी पुसत नाही. काठीला फडकं गुंडाळून आतून पुसायची सवय पोरांना लावा. पोरांना कंटाळा येईल. येऊ द्या.

मी लंडनला असते. इथल्या संग्रहालयांत चारशे-पाचशे वर्षांची चिलखतं आरशासारखी चमकतात. आपल्याकडे का नाही? – एक वाचक, लंडन

ती चमक पाहून हेवा करू नका. त्यातल्या बऱ्याच चिलखतांचा मूळ रंग चमकदार पांढरा नव्हताच.

घासून चकचकीत केलेलं पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापवलं की त्यावर मोरपिशी निळा रंग चढतो. श्रीमंतांची कितीतरी चिलखतं अशी निळी होती, वर सोन्याचा मुलामा. साध्या शिपायांची चिलखतं हातोड्याखालून आली तशी काळी ठेवत किंवा काळी रंगवत. काळा थर गंजाला अडवतो आणि रोज घासावं लागत नाही. पुढे शोभेसाठी मांडल्यावर, लंडनच्या टॉवरमध्ये आणि खाजगी वाड्यांमध्येही, पिढ्यान्पिढ्या ती विटेच्या भुकटीने आणि तेलाने घासली गेली. निळा रंग गेला, सोनं गेलं, कोरीवकाम बोथट झालं. आता संवर्धक पट्ट्यांच्या आतल्या बाजूला, बिजागरीखाली, जिथे घासणाऱ्याचा हात पोचला नाही तिथे निळ्याचे कण शोधतात. टॉवरला गेलात तर चिलखताच्या सांध्यांत वाकून बघा, छातीकडे नंतर.

जमलं तर ऑस्ट्रियात ग्राझलाही जा. तिथलं शस्त्रागार १६४० च्या दशकात बांधलं, तुर्कांच्या सरहद्दीवर लढणाऱ्या सैन्यासाठी, आणि सुमारे ३२,००० वस्तू आजही त्याच इमारतीत लाकडी मांडण्यांवर रांगेने आहेत. तिथे काळी चिलखतं काळीच दिसतात.

सिलिका जेलच्या पुड्या चपलांच्या खोक्यात येतात त्या कपाटात टाकल्या तर चालतील? – एक वाचक, पनवेल

कपाटाला फटी असतात. ती पुडी मग सगळ्या पनवेलची हवा सुकवायला बसते. झाकणाला रबरी कड असलेला घट्ट डबा घ्या, त्यात वस्तू ठेवा आणि किलोवर मिळणारं जेल कापडी पिशवीत भरून घाला. रंग बदलणारं नारिंगी जेल घ्या. निळ्यात कोबाल्ट असतं, ते नको. रंग बदलला की ११०-१२० अंशांवर काही तास तापवून पुन्हा वापरता येतं. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि आकडा पन्नासच्या खाली राहतो का बघा. प्लायवूड आणि एमडीएफची पेटी मात्र करू नका, त्यांच्या गोंदातून आणि लाकडातून आम्लाची वाफ सुटत राहते. नुसत्या प्लास्टिकच्या कागदात गुंडाळणं तर सर्वांत वाईट, आत दव साचतं.

आम्ही तंजावरचे मराठी. घरातल्या एका कट्यारीचं पातं युरोपियन असावं असं आमचे काका म्हणत. त्यावर अक्षरं आहेत, पण गंज भरल्यामुळे वाचता येत नाहीत. सुईने कोरून काढू का? – एक वाचक, तंजावर

सुई खाली ठेवा. काकांचं म्हणणं अगदी शक्य आहे. दक्षिणेत आणि महाराष्ट्रातही युरोपातून आलेली पाती स्थानिक मुठींना बसवत, आपल्याकडे अशा तलवारीला फिरंग म्हणतात. तंजावरच्या राजवाड्यातलं शस्त्रागार १८६० च्या दशकात मद्रासला हलवलं, त्यातला निवडक भाग तिथल्या सरकारी संग्रहालयात गेला आणि गंजलेला मोठा ढीग मोडीत निघाला. म्हणजे तुमच्याकडे आहे ते जपण्यासारखं आहे.

अशी अक्षरं बहुधा उथळ असतात. गंजाने कडा आधीच पोखरलेल्या असतात, सुईने तुम्ही गंजाबरोबर कडही उचलाल आणि मग जे दिसेल ते तुमच्या सुईचं अक्षर असेल. त्याऐवजी रात्री खोलीतले दिवे बंद करा, पातं टेबलावर सपाट ठेवा आणि मोबाइलची विजेरी पात्याच्या पातळीला जवळजवळ टेकवून तिरका उजेड टाका. दुसऱ्या फोनने वरून फोटो काढा, मग उजेड चारही दिशांनी फिरवत तेच करा. साध्या उजेडात न दिसणारी अक्षरं सावल्यांमुळे उठून येतात. सोलिंगेनच्या पात्यांवर धावत्या लांडग्याची खूण बऱ्याचदा असते, नकली पात्यांवरही असते, म्हणून तीही शोधा पण हुरळून जाऊ नका. फोटो इकडे पाठवा, सोबत एक फूटपट्टी ठेवून. कट्यार टपालाने पाठवू नका.